पाटावरचं विमान

माझ्या हातून घडलेल्या गोष्टींची लाज मला सहसा वाटत नाही. त्या वेळी जे सुचलं ते केलं, असं म्हणून मी मोकळा होतो. बायको याला निगरगट्टपणा म्हणते, मी व्यवहार म्हणतो. पण सिंगापूरला सेरंगूनच्या घरातला एक दसरा आठवला की अजून माझे कान गरम होतात. हे लिहितानाही झालेत.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. मी पाया लेबारच्या एका ऑफिसात इंटर्नल ऑडिटमध्ये होतो. इतरांनी मन लावून केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांच्याच तोंडून कबूल करून घ्यायच्या, हे माझं काम. मला ते मनापासून आवडायचं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कुणी काही विधान केलं की कधी, कुठे, कशावरून, हे तीन प्रश्न माझ्या तोंडून आपोआप बाहेर पडत. घरी आल्यावरही ते बंद होत नसत. बायको एका लॅबमध्ये संशोधन करायची, त्यामुळे तिच्याकडे उत्तरं तयार असत, आणि आमचं बरं चाललं होतं.

माझी हौस म्हणजे प्लास्टिकची विमानं जोडणं. साधी नाही, जुनी. त्यातही जी कुणाला आठवत नाहीत ती. त्या वर्षी मी एका जपानी विमानामागे लागलो होतो. एकावर एक असे दोन पंख, पुढे पायलट, मागे बंदूकवाला, दोघंही उघड्यावर बसलेले. विमानवाहू जहाजावरून उडायचं, खूप उंचावरून जवळजवळ उभा सूर मारायचं आणि अगदी खाली येऊन बॉम्ब सोडायचं. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातलं हे विमान. दुसरं युद्ध पॅसिफिकपर्यंत पोचलं तोवर ते पहिल्या फळीतून निघालंही होतं. त्याच्या जागी आलेल्या एका पंखाच्या विमानाचं नाव झालं, याला कुणी विचारलं नाही. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मी हे सांगायचो. “हे विसरलेलं विमान आहे,” असं म्हणताना मला जणू मीच त्याला रस्त्यावरून उचलून घरी आणल्यासारखं वाटे. पाहुणे घड्याळाकडे बघायचे.

किट पूर्व युरोपातल्या कुठल्याशा लहान कंपनीचं होतं. एकही तुकडा दुसऱ्यात धड बसत नव्हता. शनिवार-रविवारच्या दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मी घासत, तासत, चिकटवत बसायचो, आणि घरातली बाकीची माणसं सोफ्यावर ताटं घेऊन जेवायची.

आता पोपोंबद्दल सांगायला हवं. आमच्याच मजल्यावर तीन दारं पलीकडे पंचाहत्तरीच्या एक चिनी बाई एकट्या राहत. आयुष्यभर त्यांनी शिवणकाम केलं होतं. मुलगा बेटाच्या दुसऱ्या टोकाला, नवरा भिंतीवरच्या फोटोत. पोपो म्हणजे कँटनीज लोकांत आईची आई. आमची मुलगी त्यांना पोपो म्हणायची आणि आम्ही आंटी. मुलगी शाळेतून आली की त्यांच्याकडे जायची. त्या तिला भाताची पेज द्यायच्या. आमच्या घरात डुक्कर आणि गाय चालत नाही हे एकदा कळल्यावर त्यांनी तिच्यासाठी वेगळं पातेलंच काढलं होतं. तिचा गृहपाठ त्यांना वाचता येत नसे, पण समोर बसून त्या तो करवून घेत.

संध्याकाळी आम्ही परतलो की त्या तिचा हात धरून कॉरिडॉरमधून चालत आमच्याकडे यायच्या. चपला बाहेर काढून सोफ्याच्या कडेला टेकायच्या. बायको आल्याचा चहा करायची. तो फार गोड आहे अशी तक्रार करत त्या सगळा प्यायच्या. मग मुलीने दिवसभरात काय काय गुन्हे केले त्याचा अहवाल मला द्यायच्या. माझं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही, मी नुसता ‘पापा’ होतो. दहा-पंधरा मिनिटं असतील. पण दोन्हीकडची आजी-आजोबा मंडळी पुण्यात, आणि त्या वेळात आमचं घर घरासारखं वाटायचं.

विमानाच्या दोन पंखांमधल्या ताणाच्या तारांसाठी मला बारीक दोरा हवा होता. पोपोंनी आपल्या बिस्किटांच्या डब्यातून करड्या रेशमाचं रीळ काढून दिलं. “विमान शिवणार?” म्हणून हसल्या. मी विमान कुठलं ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलं नाही, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरी गोष्ट अशी की पंखांवर लाल गोळे चिकटवत होतो त्या दुपारी बायको मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “अरे, हे आंटींना दाखवू नकोस हं. इथल्या जुन्या माणसांनी जपान्यांच्या हातून काय काय भोगलंय.”

“हे सिंगापूरवर आलंच नव्हतं,” मी म्हणालो. “तेव्हा दुसरी विमानं होती. हे आधीच बाद झालं होतं.”

“मी काय म्हणते आणि तू काय बोलतोस.”

“माहिती बरोबर असायला नको?”

ती आत निघून गेली. मुद्दा मी जिंकला होता.

विमान दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात पूर्ण झालं. चंदेरी अंग, शेपटी लालभडक, करड्या रेशमाच्या तारा ताठ. इतकं सुबक काम मी आधी केलं नव्हतं आणि नंतरही केलेलं नाही.

दसरा आम्ही तिथे रीतसर करायचो. त्या वर्षी तो सुट्टीच्या दिवशी आला होता, म्हणून खंडेनवमीची पूजाही त्याच दिवशी उरकली. झेंडू टेक्काच्या बाजारातून आणला. आपटा मिळत नाही, पण ब्लॉकखाली कांचनाचं झाड होतं, त्याची जोडपानं सोनं म्हणून चालवून घेतली. पाटावर आपापली हत्यारं मांडायची. बायकोने लॅबमधली पिपेट आणली, मुलीने कंपासपेटी ठेवली, मी लॅपटॉप, पकड, कटर आणि चिमटे. पाटाच्या मधे जागा रिकामी दिसत होती. मी विमान आणून ठेवलं.

“हे कशाला?” बायको म्हणाली.

“शस्त्रपूजा ना? मग घरातलं खरं शस्त्र हेच.” स्वतःच्या विनोदावर मीच हसलो. विमानाच्या नाकावर हळद-कुंकवाचं बोट लावलं, वरच्या पंखावर दोन्ही लाल गोळ्यांच्या मधे झेंडूचं फूल ठेवलं, उदबत्ती ओवाळली. मुलगी टाळ्या वाजवत होती. मी फोटो काढला आणि पुण्याला ईमेल केला.

पोपोंना जेवायला बोलावलं होतं. हे मी विसरलो नव्हतो. त्या येणार हे मला ठाऊक होतं, बायकोने काय सांगितलं होतं तेही आठवत होतं, आणि विमान पाटावरून उचलायला दोन सेकंद लागले असते. पण मला ते कुणीतरी बघायला हवं होतं.

त्या पांदानच्या पानांचा हिरवा केक पिशवीत घेऊन आल्या. चांगला फुलाफुलांचा ब्लाउज घातला होता. मुलीने हात धरून त्यांना ओढत पाटापाशी नेलं. “पोपो, लुक, बाबाज प्लेन!”

त्या वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. केक हातातच होता. मग त्यांनी मला त्यांच्या तुटक इंग्रजीत विचारलं, “हे तू पुजतोस?”

मी उत्साहाने रीत समजावली. वर्षातून एकदा आपल्या कामाच्या वस्तूंना हळद-कुंकू, फूल, उदबत्ती. त्यांच्या स्वतःच्या दाराशी रोज सकाळी उदबत्ती लागायची. उदबत्ती कुणाला लावतात हे त्यांना माझ्याकडून शिकायचं नव्हतं. माझं संपल्यावर त्या म्हणाल्या, “हे मी बघितलंय.”

आणि मला आनंद झाला. लपवत नाही, मला अतिशय आनंद झाला. ज्याचा एक बरा फोटो मिळवायला मी महिनोन्‌महिने धडपडलो ते विमान प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस माझ्या हॉलमध्ये उभं होतं! मी विचारलं, “कधी? कुठे?”

त्यांनी सांगितलं. मोठी गोष्ट नव्हती, सात-आठ वाक्यं असतील. सिंगापूरला येण्याआधी त्या चीनमध्ये होत्या, कँटनच्या पुढे नदीकाठच्या एका गावात. आठ वर्षांच्या असतील. आई घाटावर कपडे धूत होती, त्या धाकट्या भावाला घेऊन काठावर उभ्या होत्या. विमानं आली. एक उभं खाली आलं. आवाज असा की भावाने दोन्ही कानांवर हात ठेवले. एवढं सांगून त्यांनी स्वतःच्या कानांवर हात ठेवून दाखवले, केकसकट. मग म्हणाल्या, “त्यानंतर भाऊ नाही.”

इथे कुठलाही माणूस गप्प बसला असता. शेजारच्याने खांद्यावर हात ठेवला असता. मी म्हणालो, “पण आंटी, ते हेच असेल असं नाही. तिकडे तेव्हा दोन पंखांची तीन-चार जातींची विमानं होती. लांबून सारखीच दिसतात.” त्या माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं, त्यांना नीट समजलं नाही. म्हणून मी विमान पाटावरून उचललं, त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं आणि बोट लावून विचारलं, “चाकांवर अशी झाकणं होती का? आठवा. झाकणं असतील तर हे. नसतील तर याच्या आधीचं.”

“अरे!” बायको स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली.

पोपोंनी चाकांकडे बघितलं. प्रश्न विचारलाय तर उत्तर द्यायला हवं, अशा सरळपणाने त्यांनी विचार केला. “चाकं बघितली नाहीत,” त्या म्हणाल्या. त्यांनी नखाने मागच्या सीटवर टकटक केलं. “इथला माणूस बघितला. डोळ्यांवर चष्मा. तो खाली आमच्याकडे बघत होता.”

मग त्यांनी केक बायकोच्या हातात दिला आणि जेवायला बसल्या. दोन पुऱ्या, श्रीखंड, बटाट्याची भाजी. पानात काही टाकायचं नाही ही त्यांची सवय, सगळं संपवलं. मुलीच्या तोंडाला लागलेलं श्रीखंड पुसलं. थँक्यू म्हणून चपला घालून गेल्या. दार लागल्यावर मी बायकोला म्हणालो, “बघ. उगाच घाबरत होतीस. छान जेवल्या.”

बायको ताटं उचलायला लागली. मग म्हणाली, “तू त्यांची उलटतपासणी घेतलीस. मेलेल्या भावाच्या बाबतीत.” तिचा आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता तर मी भांडलो असतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी एकटीच आली. दाराबाहेर बघितलं तर पोपो आपल्या दाराशी उभ्या राहून ती घरात पोचते की नाही ते बघत होत्या. मी हात केला. त्यांनी मान हलवली आणि आत गेल्या. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. मुलीचं पातेलं, पेज, गृहपाठ, सगळं होतं तसंच चालू. फक्त त्या आमच्या उंबऱ्याच्या आत येत नव्हत्या. बायकोने जाऊन दोनदा चहाला बोलावलं, मग माझ्या वतीने माफीही मागितली. त्या हसून ‘नेक्स्ट टाइम’ म्हणाल्या. मुलीने कारण विचारलं तेव्हा मी सांगितलं की पोपोंचे गुडघे दुखतात. “बट शी वॉक टु मार्केट एव्हरी डे लाह,” मुलगी म्हणाली.

आता मी काय केलं ते सांगतो. मी त्यांच्याकडे गेलो नाही. मी लायब्ररीत गेलो. सलग दोन शनिवार बसून त्या काळातल्या हवाई युद्धाची मिळतील तेवढी पुस्तकं चाळली. कँटनच्या बाजूला कुठल्या जहाजावरची कुठली विमानं गेली होती, ते शोधत होतो. मनाशी म्हणत होतो की सत्य काय ते कळायला हवं. खरं तर त्या चुकलेल्या निघाव्यात, अशी मला आशा होती. विमान दुसरंच निघालं असतं तर माझा गुन्हा निम्मा झाला असता, असा काहीतरी हिशेब माझ्या डोक्यात होता. तसं झालं नाही. पुस्तकात फोटो होता. माझंच विमान, चाकांवर झाकणं, खाली नदी.

मी फोटोकॉपी काढली आणि ती घेऊन त्यांच्या दाराशी गेलो. सगळं रीतसर पडताळून, पुराव्यासकट आपण कबुली देतोय, यापेक्षा चांगली माफी काय असणार, असं मला वाटत होतं. इतका दीडशहाणा माणूस मी नंतर ऑडिटमध्येही पाहिला नाही. त्या भाजी निवडत होत्या. जाळीचं दार उघडून त्यांनी मला आत घेतलं, स्टूल दिलं. मी कागद त्यांच्यापुढे धरला आणि म्हणालो, “आंटी, मी सगळं तपासलं. तुमचं बरोबर होतं. हेच विमान होतं. सॉरी.”

त्यांनी कागद हातात घेतला नाही. “यू चेक ऑलरेडी आह,” एवढंच म्हणाल्या. मग पुन्हा भाजी निवडायला लागल्या.

मी उठून जावं की बसावं ते मला कळेना. समोर लाल देव्हारा होता. नवऱ्याचा फोटो, सासू-सासऱ्यांच्या नावांची लाकडी पाटी, संत्री, उदबत्तीची राख. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, “तुमच्या भावाचं नाव यात कुठलं?”

“त्याचं नाही. लहान मुलाची पाटी करत नाहीत. चार वर्षांचा होता.” एक देठ मोडला. “माझ्या आईने त्याला कधी उदबत्ती लावली नाही. मीही नाही. आमच्यात लावत नाहीत.” मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. राग असता तर मला तो चालला असता. “तू विमानाला लावलीस.”

मी फोटोकॉपीची घडी करून खिशात घातली आणि घरी आलो. बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो. मला शरमेने मेल्यासारखं झालं होतं. आतापर्यंत मला आपण चुकलो एवढंच वाटत होतं. चुकणं आणि हे, यांत फार फरक आहे. ते विमान विसरलेलं आहे असं मी ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. कुणी विसरलेलं, हे मी एकदाही विचारलं नव्हतं, आणि विचारणं हेच माझं काम होतं.

विमान मोडून टाकायचं असं त्याच दुपारी ठरवलं. कचऱ्याची पिशवी उघडून टेबलापाशी बसलो. वरच्या पंखाला दोन्ही हातांनी धरलं. तेवढ्यात दिसलं की नाकावरच्या कुंकवाचा डाग चंदेरी रंगात मुरलाय, आणि मी कापूस ओला करून तो पुसायला लागलो. पुसून झाल्यावर विमान बुटांच्या खोक्यात कापसावर ठेवलं आणि खोकं कपाटाच्या वर, सूटकेसच्या मागे सरकवलं. बायकोने पाहिलं.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही तिथे राहिलो. दोन दसरे झाले. पाटावर लॅपटॉप, पिपेट, कंपासपेटी, बस. पोपोंसाठी जेवण डब्यातून त्यांच्या घरी जायचं. डबा धुऊन, पुसून, त्यात काहीतरी घालून परत यायचा. मला लिफ्टपाशी भेटल्या तर मुलीबद्दल बोलायच्या. आमच्या घरी मात्र आल्या नाहीत. मीही कधी उंबऱ्याबाहेर येऊन, हात धरून चला म्हटलं नाही. लाज वाटणाऱ्या माणसाला एकच गोष्ट जमते, ती म्हणजे समोरच्याला टाळणं.

मग आम्ही बुकित पंजांगला मोठा फ्लॅट घेतला. निघायच्या दिवशी सामानाची पहिली खेप गेली होती आणि घरात फक्त पॅक केलेली खोकी उरली होती. मुलगी सकाळपासून रडत होती. बेल वाजली नाही, दार उघडंच होतं. पोपो बाहेर कॉरिडॉरमध्ये उभ्या होत्या. हातात तोच हिरवा केक.

“आंटी, आत या ना,” बायको म्हणाली.

त्या हलल्या नाहीत. तिच्या खांद्यावरून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, “ते कुठे ठेवलंस?”

दोन वर्षांत त्यांनी त्याबद्दल काढलेला हा पहिला शब्द. मी म्हणालो, “फेकून दिलं, आंटी. तेव्हाच.”

बायकोने माझ्याकडे वळून पाहिलं. पोपोंनी मान हलवली. चपला काढल्या, एक पाय उचलला, मग दुसरा, आणि आत आल्या. रिकाम्या हॉलभर नजर फिरवून म्हणाल्या, “मोठं घर होतं.” मुलगी त्यांच्या कमरेला मिठी मारून हुंदके द्यायला लागली. बायकोही डोळे पुसायला लागली आणि चहाचं भांडं कुठल्या खोक्यात आहे ते शोधत आत पळाली. पोपो मुलीच्या केसांवरून हात फिरवत होत्या. तिच्या कानाशी त्या कँटनीजमध्ये काहीतरी पुटपुटत होत्या, आणि मुलीला ते समजत असावं, कारण ती मान हलवत होती.

उभं राहून त्या थकल्या. खुर्च्या गेल्या होत्या. “पोपो, सिट, सिट,” म्हणत मुलीने भिंतीपाशी असलेलं एक खोकं ओढून त्यांच्यामागे आणलं. पुस्तकांचं खोकं, वरच्या थराला बुटांचं खोकं. मीच भरलं होतं, वर मार्करने खूणही केली होती. पोपो हळूच त्याच्यावर बसल्या. मुलीला मांडीवर ओढून घेतलं. पुठ्ठा कुरकुरला आणि मधे थोडा खचला.

मी तिथे उभा होतो, माझ्या मुलीला सांभाळणारी बाई माझ्या खोट्या बोलण्यावर विश्वास ठेवून घरात आली होती, आणि त्या क्षणी मला काळजी वाटली ती पंखांची.